सय्यद बंडाचा हात आणि पट्ट्याची मूठ

‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण सातारा-सांगलीकडच्या मुलांना शाळेत जायच्या आधीपासून पाठ असते. चित्रांत आणि मर्दानी खेळांच्या प्रयोगांत जिवा महालाच्या हाती अनेकदा दांडपट्टाच दाखवतात. सभासदाच्या बखरीत मात्र अफझलखानाच्या बाजूच्या सय्यद बंडाचा हात पट्ट्याने तुटलेला नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर राजाराम महाराजांसाठी जिंजीला लिहिली, १६९४ च्या सुमारास. अफझलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी पडला तो १० नोव्हेंबर १६५९ रोजी. म्हणजे मध्ये पस्तीसेक वर्षे गेली. परमानंदाचे ‘शिवभारत’ घटनेला अधिक जवळचे, पण ते काव्य आहे आणि त्यात या झटापटीचे तपशील वेगळे येतात. आकड्यांच्या बाबतीत सभासद जपूनच वापरावा लागतो. पण कोणाजवळ कोणते हत्यार होते हे तो ज्या सहजपणे सांगतो, त्यावरून ती हत्यारे त्याच्या रोजच्या पाहण्यातली असावीत असे वाटते.

त्याच्या सांगण्याप्रमाणे जिवा महाला आणि संभाजी कावजी या दोघांकडे प्रत्येकी पट्टा, फिरंग आणि ढाल होती. खान पडल्यावर सय्यद बंडा पट्टा चालवीत शिवाजीराजांवर धावला. राजांनी जिवाजवळचा आपला पट्टा घेतला, पट्टा व बिचवा यांची कातर करून, म्हणजे दोन्ही पाती कात्रीसारखी एकमेकांवर आडवी धरून, चार वार अडवले. पाचवा वार पडण्याआधी जिवाने सय्यदाच्या खांद्यावर फिरंग घातली आणि पट्ट्याचा हात हत्यारासकट तुटला.

या प्रसंगाचा उलगडा मुठीपाशी होतो. पट्ट्याला तलवारीसारखी मूठ नसते. हात आत घालायचा, तो लोखंडी खोबळ्यात. आतला आडवा दांडा मुठीत धरायचा. खोबळ्याचे पत्रे मनगटावरून कोपराच्या दिशेने चढत जातात आणि मागच्या टोकाची पट्टी हाताला कवटाळते. पाते सरळ, दुधारी, लवचिक, साधारण साडेतीन-चार फुटांचे, आणि ते हाताच्याच रेषेत पुढे निघते. मनगट जखडलेले असल्याने वार निघतो तो कोपर, खांदा आणि कमरेतून. म्हणून पट्टेकरी सतत फिरता राहतो. फिरणे थांबले की पट्ट्याचा जोर गेला.

असे हत्यार तलवारीसारखे सहज कमरेला लटकत नाही. राजांचा पट्टा जिवाजवळ होता तो यामुळेच असावा. चार वार एकट्या पट्ट्याने न अडवता कातर का केली, तेही कळते. हातात जखडलेले लांब पाते अंगालगत आलेल्या शत्रूपुढे अवघडते. तिथे दुसऱ्या हातातला आखूड बिचवा उपयोगी पडतो. आणि जिवाचा वार खांद्यावरच का? कोपराखाली पोलाद होते. उघडा भाग त्याच्या वरचा. सभासद हे कारण देत नाही, ते माझे अनुमान आहे. पण खोबळा एकदा हातात घालून पाहिलेल्याला ते पटायला वेळ लागणार नाही.

जिवाने वापरलेली फिरंग म्हणजे बहुतेक युरोपी पाते आणि इकडची मूठ. मुठीला परज, वर मोगरा आणि त्यावरून निघालेला गज, ज्यावर वेळप्रसंगी दुसरा हात टेकवून दोन्ही हातांचा भार वारात घालता येतो. साताऱ्याच्या दरबारात पुजली जाणारी भवानी तलवार जिनोव्याच्या पात्याची आहे, असे ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात नोंदवले आहे. तो साताऱ्याला कंपनी सरकारचा अधिकारी होता. कोल्हापूरहून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला दिलेल्या तलवारीच्या पात्यावरही ‘आयएचएस’ हा ख्रिस्ती छाप तीनदा उठवलेला आहे. पाती समुद्रापलीकडून येत आणि मुठी इथे चढत, झिजल्यावर बदलतही. त्यामुळे मूठ पाहून पात्याचे वय ठरवणे फसवे ठरते. घराण्यात ‘अमक्याची तलवार’ म्हणून सांगितले जाते, तेव्हा मूठ कोणाची आणि पाते कोणाचे असे दोन प्रश्न निराळे विचारायला हवेत.

२०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये अफझलखानाच्या वधाशी जोडली जाणारी, लंडनहून आलेली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ती शिवरायांचीच असे सिद्ध करता येत नाही, हे देणाऱ्या संग्रहालयानेच सांगितले होते. इतका स्पष्टपणा आपल्याकडच्या माहितीफलकांवरही यावा.

आखाड्यांच्या वस्तादांना एक विनंती. खंडेनवमीला घराघरांतून जुने पट्टे बाहेर निघतात आणि उत्साहाच्या भरात कोणीतरी ते फिरवायला घेतो. पाते खोबळ्याला जिथे रिव्हेटने जोडलेले असते, तिथे ओल साचते आणि गंज आतून लागतो, वरून दिसत नाही. फेरा घेताना सगळा ताण त्याच जोडावर येतो. तो जोड तुटला तर चार फुटांचे पाते प्रेक्षकांत जाईल. प्रयोगात लिंबू कापून दाखवायला नवा पट्टा घडवून घ्या. जुना विटकरीने घासू नका, त्याने पात्यावरची अक्षरे जातात. हलके तेल लावा, फोटो काढा आणि तो कोणाकडून, कसा आला हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आताच लिहून ठेवा.