दोन कशावरून?

परवा नातीचा फोन आला. "आजी, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगाने पाणी तयार होते, याचं समीकरण संतुलित करायचंय." मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, पण हे समीकरण माझ्या चांगलेच लक्षात आहे.

एकदा विज्ञानाचे सर रजेवर होते, म्हणून तो तास माझ्याकडे आला. एका मुलाने फळ्यावर लिहिले: एच२ + ओ → एच२ओ. दोन्ही बाजूंचा हिशेब चोख! पण पुस्तकात 'ओ२' होते, म्हणून मी फुली मारली. "पण बाई, ऑक्सिजनचे दोन कशावरून?" "पुस्तकात आहे म्हणून. बस खाली." तो बसला. पुन्हा त्याने मला काही विचारले नाही.

निवृत्तीनंतर वाचनात आले, की याच प्रश्नाने युरोपला पन्नास वर्षे घोळवले होते. अभिक्रियेच्या आधी जेवढे द्रव्य तेवढेच नंतर, हा जमाखर्च फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडला. गृहस्थ करवसुलीच्या धंद्यातले, हिशेबाला पक्के! पण वजने जुळली तरी अणू किती, हे कसे कळणार? इंग्लंडच्या डाल्टनने पाण्यात एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन धरला, आणि ऑक्सिजन वायूचे अणूही एकेकटेच मानले.

१८०८ साली गे-ल्युसॅकने दाखवले, की दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांपासून वाफ होते ती दोन मापे. इटलीच्या अ‍ॅव्होगाड्रोने १८११ मध्ये त्याचा अर्थ लावला. तापमान आणि दाब सारखा असेल तर सारख्या मापात वायूचे कण सारखेच असतात. मग ऑक्सिजनच्या एका कणापासून वाफेचे दोन कण झाले, आणि प्रत्येकात ऑक्सिजन आहेच. म्हणजे तो एक कण दुभंगला. म्हणजे तो जोडीचाच होता!

इतके सरळ असूनही फारसे कोणी ऐकले नाही. अ‍ॅव्होगाड्रो १८५६ साली वारला. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारो या त्याच्याच देशबांधवाने त्याची बाजू लावून धरली, तेव्हा कुठे लोकांना ती हळूहळू पटू लागली.

नातीला मी आधी ही मापांची गोष्ट सांगितली. मग तिने आपणच लिहिले: २एच२ + ओ२ → २एच२ओ.

त्या मुलाचे उत्तर चुकले होते खरे, पण ती चूक डाल्टनच्या पंगतीतली होती आणि त्याचा प्रश्न तर अ‍ॅव्होगाड्रोचाच होता. मी त्याला खाली बसवले. "मलाही माहीत नाही रे, शोधू या," एवढे म्हणायला काय हरकत होती? आज तो पन्नाशीच्या पुढे असेल. कुठे भेटलाच, तर आधी उत्तर सांगेन आणि मग माफी मागेन.

असो. तुमचाही असा एखादा प्रश्न कुणी खाली बसवला होता का?