एस्. टी.चा नोकर कोणाचा?

ज्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणास आगगाडीचें दर्शन कधीं झालें नाहीं, तेथें एस्. टी.ची मोटर थांबली म्हणजे काय होतें, हें मुंबईच्या वाचकांस सांगून पटावयाचें नाहीं. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर कडेनें मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव अशी मुंबई-नागपूर लोहमार्गाची रेघ गेली आहे. पण बुलढाणें घाटावर, आणि चिखली, मेहकर, लोणार हीं गांवें त्याहूनहि दक्षिणेस. खामगांव-जालना लोहमार्गाची मागणी करणाऱ्यांच्या पिढ्या लोटल्या. अशा मुलखांत २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास आगारें बंद पडलीं आणि संपाचा शेवट व्हावयास २०२२ चा एप्रिल उजाडला. कॉलेजचीं मुलें, बाजारकरी, दवाखान्याची वाट धरलेलीं म्हातारीं माणसें, सर्वांनीं तो काळ काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांत दाटीवाटीनें काढला. संपकऱ्यांस शिव्या देणारे पुष्कळ भेटले. त्यांचें म्हणणें काय होतें हें विचारणारे थोडे.

म्हणणें पगारवाढीचें नव्हतें. तें असतें तर तंटा महिन्याभरांतच मिटता. २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं सरकारनें मूळ वेतनांत दहा वर्षांपर्यंतच्या नोकरांस ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षें झालेल्यांस ४,००० आणि त्यापुढील जुन्या नोकरांस २,५०० अशी वाढ जाहीर केली, तरी बहुतेक कामगार हलले नाहींत. त्यांस हवें होतें विलीनीकरण. म्हणजे महामंडळाचे नव्हे, राज्य सरकारचे नोकर म्हणून गणलें जाणें.

या हट्टाचें मूळ इतिहासांत आहे. १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर रस्त्यावर मुंबई सरकारची पहिली गाडी धांवली. (आमचें वऱ्हाड तेव्हां मध्यप्रांतांत होतें, तें मुंबई राज्यांत आलें १९५६ सालीं.) पुढें १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळांच्या कायद्यानें हा व्यवहार सरकारी खात्यांतून काढून एका स्वतंत्र कायदेशीर व्यक्तीच्या हवालीं केला. हेतु चांगला होता. धंदा धंद्यासारखा चालावा, त्यास कचेरीचा गंज चढूं नये. पण संचालक सरकारनें नेमावे, भाडेवाढ सरकारी मंजुरीवांचून होऊं नये, सवलती सरकारनें जाहीर कराव्या, आणि नोकर मात्र सरकारचा नव्हे, अशी विलक्षण घडण त्यांतून झाली. एकाच गांवांत तहसिलींतला कारकून निवृत्त होऊन पेन्शन घेऊं लागला, आणि त्याच वर्षीं निवृत्त झालेला त्याचा कंडक्टर बंधु भविष्यनिर्वाह निधीची रक्कम घेऊन घरीं बसला. १९७१ च्या कायद्याप्रमाणें मान्यता मिळालेली संघटना व महामंडळ यांच्यामध्यें दर चार वर्षांनीं करार ठरतो. पण करारांत पगाराचे आंकडे येतात, नोकर कोणाचा हा प्रश्न येत नाहीं. २०१७ च्या दिवाळींतला चार दिवसांचा संपहि पगाराच्याच गोष्टीवर झाला. २०२१ सालीं कामगारांनीं संघटनांसच बाजूस सारून तोच वगळलेला प्रश्न पुढें मांडला.

त्यांत भीतीचाहि अंश होता. २०१७ पासून आलेल्या शिवशाही गाड्यांपैकीं कित्येक भाड्याच्या. कंडक्टर महामंडळाचा, ड्रायव्हर कंत्राटदाराचा. पुढें विजेवरच्या ५,१५० गाड्या भाड्यानें घेण्याचें ठरलें, त्यांचीहि रीत तीच. हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. अमेरिकेंत मोठ्या विमान कंपन्या जवळच्या पल्ल्याचीं लहान जेट विमानें स्वस्त पगाराच्या दुय्यम कंपन्यांकडे देतात. म्हणून तेथील वैमानिकांचे संघ, किती आसनांपर्यंतचें विमान परक्यांनीं चालवावें, याची मर्यादाच करारांत लिहून घेतात. मात्र वृद्धापकाळाची हमी त्यांनाहि राखतां आली नाहीं. युनायटेड एअरलाइन्सनें दिवाळखोरीच्या काळांत, २००५ सालीं, आपल्या पेन्शन योजना सोडून दिल्या व त्यांचा भार सरकारी हमी मंडळावर गेला. आमच्या ड्रायव्हरांजवळ तर तसा लेखी करारहि नव्हता.

विलीनीकरण शक्य नाहीं, असा निर्वाळा सरकारच्या समितीनें दिला. उच्च न्यायालयानें २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर येण्यास सांगितलें. कामगार परतले. आम्हांस खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. ज्या सरकारी नोकरींत शिरण्यासाठीं हा खटाटोप झाला, तिनें १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या माणसांसाठीं जुनें पेन्शन आधींच बंद केलें होतें. दार उघडलें असतें तरी तरुण कंडक्टरास आंत काय मिळालें असतें, हें कोणीं नीट सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आणि जे निवृत्त झाले त्यांचें काय? एस्. टी.चा जुना नोकर १६ नोव्हेंबर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेंत मोडतो. तिचें गणित सोपें आहे: पेन्शनास धरावयाचें वेतन गुणिलें सेवेचीं वर्षें, भागिलें सत्तर. वेतन कितीहि असो, धरावयाची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये; त्यापूर्वीं ६,५००. म्हणजे पस्तीस वर्षें पूर्ण मर्यादेनें धरलीं तरी हातीं येणार ७,५००, तेहि महागाईभत्त्यावांचून. आणि जुनीं वर्षें जुन्या मर्यादेनें मोजलीं कीं तेवढेहि नाहींत.

या पेन्शनरांच्या राष्ट्रव्यापी चळवळीचें ठाणें बुलढाणेंच आहे, ही गोष्ट जिल्ह्याबाहेर फारशी कोणास ठाऊक नाहीं. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालीं २०१८ च्या डिसेंबरांत जिल्हाधिकारी कचेरीसमोर साखळी उपोषण सुरू झालें व तें वर्षानुवर्षें चाललें. मागणी दरमहा किमान ७,५०० रुपये व महागाईभत्ता. चालत्या नोकरास गाडी थांबवितां येते. या म्हाताऱ्यांजवळ थांबविण्याजोगें जेवणाखेरीज कांहीं उरलें नव्हतें. त्याच कचेरीच्या नोकरांनीं व त्यांच्या राज्यभरच्या बंधूंनीं मार्च २०२३ मध्यें जुन्या पेन्शनसाठीं संप केला, तेव्हां सातव्या दिवशीं तडजोड झाली.

उपोषणकर्त्यांस आश्वासनें मिळालीं. २०१३ सालीं राज्यसभेच्या ज्या समितीनें किमान पेन्शन ३,००० रुपये करण्याची शिफारस केली होती, तिचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी; पुढें २०१९ पासून २०२३ पर्यंत तेच महाराष्ट्राचे राज्यपाल होते. सप्टेंबर २०१४ मध्यें किमान पेन्शन ठरलें तें १,००० रुपये.