कोरियातला आपला जनरल

1 सप्टेंबर 2023 ला आमच्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. तेव्हापासून मला एक नाव राहून राहून आठवतं: मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे.

1950 साली साम्यवाद रोखायचा म्हणून अमेरिकेनं संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली कोरियातल्या भाऊबंदकीत फौजा उतरवल्या. लाखो माणसं मेली, अन् 1953 च्या शस्त्रसंधीनंतर सीमा राहिली जवळपास तिथंच! मायदेशी जायला नकार देणारे 22,000 हून अधिक चिनी-कोरियन कैदी सांभाळायचं काम भारताकडं आलं. त्या फौजेचे प्रमुख थोरात.

सप्टेंबरात चिनी कैद्यांनी आपला एक मेजर पकडून ठेवला. थोरात स्वतः त्या चिडलेल्या जमावात शिरले, बोलले आणि त्याला सोडवून आणलं. गोळी न झाडता. पुढं ऑक्टोबरात गोळीबार झाला, कैदी मेले, हेही लपवायचं कारण नाही. पण आधी बोलून बघितलं होतं.

या कामगिरीसाठी थोरातांना अशोकचक्र, वर्ग 2 मिळालं. बंदूक हाताशी असताना बोलायला जाणं, याला शौर्य म्हणतात. त्या दिवशी आमच्या गावात असा एक माणूस हवा होता.