गुरुचरित्राचे कथासंविधान

ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली आले आणि कथानकाच्या तंत्राची चर्चा मराठीत रूढ झाली. तंत्र मात्र पुष्कळ जुने. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर ही ज्याची मुख्य भूमी, त्या ‘गुरुचरित्रा’तच ते पाहावे. कर्ते सरस्वती गंगाधर. मराठी आपली भाषा नव्हे, अशी कबुली ते आरंभीच देतात.

नवव्या अध्यायात कुरवपूरचा एक रजक राजवैभव पाहून लोभावतो. पुढील जन्मी बिदरचे राज्य भोगशील, असा वर श्रीपाद श्रीवल्लभ त्याला देतात. मग चाळीस अध्याय कथा त्याला बाजूला ठेवते. पन्नासाव्यात मांडीवरील फोडाने हैराण झालेला बिदरचा बादशहा नृसिंहसरस्वतींपुढे येतो. ते जुन्या रजकाच्या नात्याने हाक मारतात आणि त्याला पूर्वजन्म आठवतो. फोड बरा होणे हे निमित्त. ओळख पटणे हीच खरी घटना.

सप्ताहाच्या एका प्रचलित क्रमात नववा अध्याय पहिल्या दिवशी अखेरीस येतो, पन्नासावा सातव्या दिवशी. श्रोता आठवडाभर थांबतो. ग्रंथालयांत मात्र ही पोथी धार्मिक ग्रंथांच्या कपाटात असते. कादंबरी लिहू पाहणारा तिकडे सहसा वळत नाही.