पापड टिकला, लिपी का मागे पडली?

बेलवलीतल्या आपण सगळ्या कपडे आणि लग्नाचा बस्ता घ्यायला उल्हासनगरला जातो. अंबरनाथनंतरचंच स्टेशन. आज त्या शहरातल्या घरांविषयी बोलूया.

दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. १९४७ साली फाळणी झाली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि सिंधी हिंदू कुटुंबं बोटींनी मुंबईला येऊ लागली. सुमारे एक लाख माणसं या छावणीत आली. एकेका लांब बराकीत अनेक बिऱ्हाडं, मध्ये पडदे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. तिथल्या पत्त्यांत आजही कॅम्पचा आणि बराकीचा नंबर असतो.

जमीन, घर, दुकान मागे राहिलं. बायकांसोबत आलं ते हातातलं कसब. त्यांनी पापड लाटले, लोणची घातली; पुरुषांनी ती विकली. सिंधी पापड पुढे घरोघरी पोचला. श्रावणात 'थदडी' येते. आदल्या दिवशी गोड लोला, कोकी करून ठेवायची, सणाला चूल पेटवायची नाही, थंडच खायचं. आपली शिळासप्तमी अशीच, नाही का? चेटीचंड तर आपल्या गुढीपाडव्याच्याच सुमारास येतो. तेव्हा झुलेलालाच्या नावाने दिवा लावून बहराणा पाण्यात सोडतात. सिंधू नदी दूर राहिली, म्हणून पूजा थांबली नाही.

भाषेचं मात्र तसं झालं नाही. सिंधीला स्वतःचं राज्य नाही. १९६७ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तरी नोकरी-धंद्याला हिंदी, इंग्रजी, मराठीच लागली. अरबी वळणाची, बावन्न अक्षरांची लिपी आजी-आजोबांना वाचता यायची. नातवंडांपैकी बहुतेकांना येत नाही. आजीने लिहिलेलं पत्र घरात असलं, तरी ते वाचून दाखवायला बाहेरचं माणूस शोधावं लागतं.

आम्हा गटातल्या बायकांना यातून एक गोष्ट दिसते. पापडाने पोट भरलं, म्हणून तो लेकी-सुनांपर्यंत पोचला. ज्या वारशाला रोजचं काम उरलं नाही, तो कपाटात गेला. प्रेम कमी होतं असं नाही. वापर कमी झाला.

आपल्या बेलवलीतही कोकणातून, खानदेशातून, मराठवाड्यातून आलेली घरं आहेत. सासू अहिराणीत बोलते, नातू इंग्रजीत उत्तर देतो. पापड-कुरडया करायला बसाल, तेव्हा पोरांना शेजारी बसवा आणि आपल्या बोलीतच सांगा. गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की प्रत्येकीने आजीचा एक पदार्थ आणि त्याची घरची नावं वहीत लिहायची. वहीची पानं आम्ही आखून ठेवली आहेत.