पन्नास हर्ट्झची गुणगुण आणि मेंदूची लाट

१/ वसतिगृहातील मित्राने सुटे भाग जोडून हृदयाचे विद्युत्-संकेत टिपणारा परिपथ बनवला. पडद्यावर सुरेख, अखंड लाट उमटली. मोजून पाहिले, तर दर २० मिलिसेकंदांना एक आवर्तन, म्हणजे ५० हर्ट्झ. ते हृदय नव्हते. भिंतीतील वीज होती. या गुणगुणीशी झालेल्या जुन्या झुंजीचा हा धागा.

२/ जर्मनीतील येना येथील मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचे विद्युत्-स्पंदन प्रथम नोंदवले. प्रसिद्ध मात्र केले १९२९ मध्ये. मधली पाच वर्षे एकच शंका: हे मेंदूचे की नाडीचे, स्नायूंचे, यंत्राचे?

३/ शंका रास्तच होती. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा संकेत सुमारे ५० मायक्रोव्होल्टचा. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची, म्हणजे त्याच्या ४६ लाख पट! तारेला स्पर्श नसला, तरी विद्युत्-क्षेत्रामुळे आपले शरीरच अँटेना बनते.

४/ यावरचा एक उपाय आधीपासून ठाऊक होता. १८३६ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी १२ फुटी चौकोनी पिंजरा उभारून दाखवले, की धातूच्या आवरणात बाहेरचे विद्युत्-क्षेत्र शिरत नाही. पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला पातळ पत्रा पुरेसा अडवत नाही. त्यासाठी दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा लागतो; अशा तारांचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये घेतले होते.

५/ १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी बर्गर यांचा दावा साशंक मनाने तपासला. त्याच वर्षी मॅथ्यूज यांनी एका खास प्रवर्धकाचे वर्णन केले. तत्त्व साधे: बाहेरचा गोंगाट दोन्ही विद्युदग्रांवर जवळजवळ सारखाच येतो, म्हणून एकातून दुसरा वजा करावा. समान ते गळते, फरक उरतो. आजचा ‘डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर’ तो हाच.

६/ निर्णायक पुरावा मात्र यंत्राबाहेरचा होता. डोळे मिटले, की सेकंदाला सुमारे १० आवर्तनांची लाट दिसे. उघडताच ती मावळे. बर्गर यांनी हे आधीच नोंदवले होते. केंब्रिजमध्ये एड्रियन यांच्याच मस्तकावर ते पुन्हा दिसले. भिंतीतील विजेला कुणाच्या पापण्यांशी काय देणेघेणे?

७/ मित्रानेही हाच मार्ग धरला, एका वेळी एकच बदल करत. लॅपटॉपचा चार्जर काढला: लाट खाली आली. परिपथ बॅटरीवर नेला: आणखी घटली. तारा आखूड करून पिळल्या, आवरण एकाच बिंदूवर भूमीला जोडले, तेव्हा हृदयाची टोके वर आली. (शरीराला जोडलेला घरगुती परिपथ केवळ बॅटरीवरच चालवावा, हा जिवाचा प्रश्न आहे.)

८/ आम्ही इतिहासाचे विद्यार्थी याला साधनचिकित्सा म्हणतो. बखरीतील सुबक प्रसंग घटनेचा की लेखकाच्या दरबाराचा, हे असेच पारखावे लागते: परिस्थिती बदलल्यावर काय बदलते आणि काय तसेच राहते, ते पाहून. बर्गर यांनी स्वतःच्या शोधावर पाच वर्षे संशय घेतला. म्हणूनच तो टिकला.

धागा समाप्त. तुमच्या परिपथात गुणगुण कुठून शिरली होती, जरूर कळवा.