गाईचं दूध आटलं म्हणून

आमच्या लहानपणी लकडगंजात, गल्लीच्या टोकाला एक विधवा खाला एकटी राहायची. कुणाचं लेकरू तापलं की बाया कुजबुजायच्या, ‘तिची नजर लागली.’ अम्मी मला दुसऱ्या वाटेने शाळेत पाठवायची. खालाला कुणी कधी मारलं नाही. फक्त तिच्या दारी जाणं सगळ्यांनी सोडलं.

स्कॉटलंडचा इतिहास वाचताना ती आठवली. तिथे १५६३ साली चेटूक हा देहदंडाचा गुन्हा ठरला. १७३६ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत सुमारे ३,८०० जणांवर आरोप झाले. दर सहा आरोपींत पाच बाया. आरोप घरगुतीच असायचे: शेजारणीशी भांडण झालं, मग गाईचं दूध आटलं, मूल आजारी पडलं. संशयित बाईला कबुली देईपर्यंत झोपू देत नसत. मग तिच्याकडूनच इतरांची नावं काढून घेत. दोषी ठरलेल्यांना बहुधा आधी गळा आवळून मारत, मग जाळत.

आता आपला कायदा बघा. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवतो, त्याच्यामुळे रोगराई पसरते, असं म्हणणं या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. तिकडे ज्या आरोपाने बाईचा जीव जायचा, तोच आरोप करणारा इकडे तुरुंगात जाऊ शकतो.

तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात बांधून मारलं. त्यांत वयस्क बायाही होत्या.

कायदा मारहाणीनंतर येतो. कुजबुज त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. स्कॉटलंडमध्येही अनेकींची बदनामी खटल्याआधी वर्षानुवर्षं गावात चालू होती. आपल्या मोहल्ल्यांतही ‘करनी’ काढणारे बाबा आहेतच. ते पैसे घेतात आणि नात्यातल्याच एखाद्या बाईकडे बोट दाखवतात. सूरह हुजुरात आपण सगळे वाचतो. गुमान आणि गीबत यांपासून दूर राहा, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे.

खाला वारली तेव्हा जनाज्याला अख्खी गल्ली होती. ती हयात असताना तिच्या दारी जाऊन सलाम करणारं कुणी नव्हतं. मीही नव्हतो.